भारोभार

झुंबर भोरचं वजन ही त्याची खाजगी बाब कधीच नव्हती.

नाशिकला अंबडच्या ज्या कारखान्यात तो स्टोअरमध्ये होता, तिथे माल तोलायला जमिनीसरसा मोठा काटा होता. काट्याबद्दल शंका आली की सुपरवायझर हाक मारायचा, "भोर, जरा उभे राहा बरं." झुंबर उभा राहायचा. आकडा सगळ्या शेडला ऐकू जाईल असा वाचला जायचा, मागच्या आकड्याशी ताडून बघितला जायचा, आणि फरक निघालाच तर चूक काट्याची की झुंबरची, यावर चहाची सुट्टी सुखात जायची. हे ब्याण्णव सालापासून चालू होतं. वजनमापवाले दरवर्षी येऊन काट्याला शिक्का मारून जात. झुंबरला तेवढा शिक्का कोणी मारला नव्हता.

तो हसायचा. शेअर रिक्षावाला "मामा, तुमच्या दोन सीट धरतो" म्हणाला तरी हसायचा, लग्नात फोटोवाला "ते जाड काका मागच्या रांगेत" म्हणाला तरी हसायचा. हसणं हेही एक कामच असतं आणि त्याला ओव्हरटाइम मिळत नाही. गुडघ्यांनी तो थकला होताच, पण त्याहून जास्त हसून थकला होता.

दोन हजार सात साली साखर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला आणि वजन दीडशेला दोन कमी इथवर आलं. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीने ऑपरेशन करू, जठर लहान करून टाकू, मग खाल्लंच जाणार नाही. बायको, सुला, घाबरून गेली. इगतपुरीकडच्या गावाहून आई आली, कुसाबाई. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यापरीस तोंडच शिवा की. स्वस्तात हुईल."

झुंबरने मात्र मुकाट सही केली. कारण कोणाला सांगितलं नाही. वजन घ्यायच्या खोलीत नर्सने आधी दार लावलं होतं, आणि आकडा लिहून घेताना तोंडातल्या तोंडातसुद्धा म्हटला नव्हता. चव्वेचाळीस वर्षांत त्याला दार लावून कोणी तोललं नव्हतं. ही माणसं म्हणतील ते करावं, असं त्याला वाटलं. आणि तिथेच त्याने मनाशी ठरवलं की यापुढे चारचौघांत काट्यावर पाय ठेवायचा नाही. मग कोणी का हाक मारेना.

ऑपरेशन डिसेंबरात झालं. दोन तास सांगितले होते, चार लागले. "आत चरबी फार, वाट सापडेना," असं डॉक्टर नंतर म्हणाले, जुन्या नाशकात पत्ता चुकल्यासारखं. झुंबरला आठवतं ते पुढचं. पोटावर चार-पाच भोकं, जिभेला कोरड, आणि औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मोजून मिळणारं पाणी. एक झाकण संपवायला पाच मिनिटं लागायची. दुसरं संपलं की पोट सांगायचं, जेवण झालं.

तिसऱ्या दिवशी सुला खाटेजवळ स्टूल ओढून बसली.

"अहो, एक सांगायचंय. रागावणार नसाल तर."

"रागवायला ताकद लागते," झुंबर म्हणाला. "सांग."

"तुम्ही आत होता ना, वेळ उलटून गेली. कोणी काही सांगेना. मग मी बोलले देवाला. गावच्या खंडोबाला. सुखरूप बाहेर आणलंस तर भारोभार गूळ वाटीन म्हणून."

"कोणाच्या भारोभार?"

"तुमच्या. माझ्या भारोभार बोलून देव काय ऐकणार होता?"

झुंबर छताकडे बघत राहिला. भारोभार म्हणजे काय ते त्याला पक्कं माहीत होतं. देवळासमोरच्या चिंचेला तागडी टांगायची, एका पारड्यात गुळाच्या ढेपा, दुसऱ्यात माणूस, आणि भोवती अख्खं गाव. कारखान्याच्या काट्यावर निदान उभं राहायचं होतं. इथे मांडी घालून बसायचं, तेही हवेत.

"बरा झालो की बघू," तो म्हणाला.

नवरा बघू म्हणाला म्हणजे काय, हे सुलाला बावीस वर्षांच्या संसारात माहीत झालं होतं. तिने पाण्याचं पुढचं झाकण भरून पुढे केलं.

बरं होणं हेही बारा तासांच्या शिफ्टचं काम निघालं. आधी नुसतं डाळीचं पाणी, मग डाळ, मग मऊ भात चार चमचे. पाचवा चमचा गेला की छातीत दगड बसायचा. गोड जिभेवर ठेवलं तर दरदरून घाम आणि धडधड. केस गळाले. कातडी माल काढून घेतलेल्या पोत्यासारखी लोंबायला लागली. मार्चच्या उन्हात त्याला स्वेटर लागायचा. वजन उतरत होतं, त्यात काही खोट नव्हती, पण ते जाताना बरोबर आणखीही बरंच काही उचलून नेत होतं. संध्याकाळी घरी आला की बूट काढायच्या आधी तो पाच मिनिटं नुसता बसून राहायचा.

जाड होता तेव्हा लोक तोंडावर बोलत. आता आवाज खाली आणून सुलाला विचारत, "वहिनी, शुगरच ना? दुसरं काही नाही ना?" एवढी प्रगती होती. सुपरवायझरने एकदा सवयीने हाक मारली, "भोर, जरा उभे राहा."

"साहेब," झुंबर म्हणाला, "मी आता भरवशाचा राहिलो नाही."

होळीला कुसाबाई आली, ती घरात पाऊल टाकतानाच बोलत आली.

"गावात काय बोलत्यात ठावं हाय का? झुंबऱ्या मुद्दाम थांबलाय म्हणत्यात. रोज थोडा थोडा उतरतोय, तेवढा देवाचा गूळ वाचवतोय. गेणू तर म्हनला, आपरेशनच त्याच्यापायी केलं."

गेणू म्हणजे गावातला भाताचा व्यापारी. तागडी त्याची होती, त्यामुळे या विषयात त्याच्या शब्दाला वजन होतं.

"अगं आई, नवस बोलली ती ऑपरेशन चालू असताना. आधी नाही."

"ते देवाला कळतं. गेणूला नाय कळत."

"मग गूळ पाठवून देतो टेम्पोने. वाटून टाका."

"तोललं नाय आन वाटलं? त्ये काय लाइटबिल हाय व्हय, कुनाच्या बी हातानं भरायला?"

सुला भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली नाही. झुंबरला वाटलं, चला, हिचा तरी आग्रह नाही.

मे महिन्यात ते दोघं तपासणीला गेले. दवाखान्याच्या पायरीवर चपला-बूट काढून ठेवायचे असतात. इतकी वर्षं झुंबरचे बूट सुला काढायची, कारण त्याचा हात पोचत नसे, आणि मग बूट चोरीला जाऊ नयेत म्हणून वर आपल्या चपला आडव्या ठेवायची. त्या दिवशी झुंबर स्वतः वाकला. दोन्ही नाड्या स्वतः सोडल्या. दम लागला, पण सोडल्या. बूट भिंतीला लावले आणि तसाच वाकलेला राहून म्हणाला, "दे तुझ्या."

चपला आल्या नाहीत.

त्याने पाहिलं. शेजारी सुलाचे पाय होते, तापलेल्या फरशीवर, उघडे. टाचा शेताच्या बांधासारख्या चिरल्या होत्या. एका चिरेत हळद भरलेली होती. अंगठ्याला डांबर लागलेलं होतं.

"चपला कुठायत?"

"घरी."

"का?"

"आत चला, नंबर जाईल."

"सुला. का?"

"नवस फिटेपर्यंत घालणार नाही म्हणाले होते."

"कधीपासून?"

"तुम्ही आत होता तेव्हापासून."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही बघू म्हणाला होता," सुला म्हणाली. "म्हटलं, बघताय."

झुंबर त्या पायरीवरच बसला. गेली वीस वर्षं पोटाच्या पलीकडचं त्याला काही दिसत नव्हतं, ते ठीक. पण पोट उतरायला लागूनही आता पाच महिने झाले होते. आतून नर्सने नाव पुकारलं, दार लावून वजन घेतलं, आवाज न करता लिहिलं. त्याला त्यात पहिल्यासारखं काही वाटलं नाही.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "पुढच्या रविवारी जाऊ गावाला."

रविवारी चिंचेखाली जत्रेएवढी गर्दी होती. जुनी माणसं तागडी पेलेल का ते बघायला आली होती, नवी माणसं झुंबर केवढासा झालाय ते बघायला. गूळ सुलाने मागवला होता, नवस बोलली त्या दिवशीच्या वजनाचा, एक भेलीही कमी नाही. गेणूने ढेपा पारड्यात रचल्या. ते पारडं जमिनीला टेकलं, दुसरं वर गेलं. झुंबरसाठी स्टूल आणलं गेलं. तो चढला, मांडी घालून बसला. दोर धरलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, दोर सोडले आणि उडी मारून मागे झाले. गर्दीही दोन पावलं मागे सरली. स्टूल काढून घेतलं.

झुंबर वरच राहिला.

गेणूने साखळी हलवून पाहिली. "अडकलं काय?"

"अडकलं नाही," झुंबर वरून म्हणाला. "मीच कमी पडतोय."

मग जे सुरू झालं ते ग्रामसभेलाही होत नसेल. गेणू म्हणाला, "पाच ढेपा उतरवा. आजचं वजन त्ये खरं वजन, बाजाराचा नियम हाय." सुला म्हणाली, "बाजाराचा असेल. मी बोलले ते त्या दिवशीच्या माणसाचं." कुसाबाई म्हणाली, "दगूड ठेवा त्याच्या मांडीवर." कोणी म्हणालं, दगडाचा नवस कुठे होता? कोणी म्हणालं, डॉक्टरनं काढलेला भाग आणायला पायजे हुता बाटलीत. गावाचे दोन तट पडले, आणि दोन्हीकडून गेणूच्या मापातल्या जुन्या भानगडी निघायला लागल्या.

झुंबर पारड्यात हळूहळू गोल फिरत होता. लोक कधी हसतात याची वाट बघून त्याचे खांदे आखडले होते, ते जरा सैल झाले. त्याच्या वजनावर एवढी चर्चा चालली होती आणि एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हता. सगळे गुळाकडे बघत होते. ज्याची त्याला वर्षानुवर्षं धास्ती होती, ते एवढंसं निघालं. त्याला नुसती झोप आली.

फिरता फिरता समोर सुला आली. भांडत होती, आणि तापलेल्या जमिनीवर पाय आलटून पालटून उचलत होती.

"सुला," तो म्हणाला, "ये. बस इथं."

"मी? अहो, लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. वीस वर्षं म्हणतायत. तुझं नि माझं मिळून त्या दिवशीचा माणूस होतोय बघ."

पुन्हा स्टूल आलं. सुला पदर खोचून चढली, दोर घट्ट धरून त्याला टेकून बसली. पारडं करकरलं, थोडं थांबलं, आणि सावकाश खाली आलं. गुळाचं पारडं जमिनीवरून उठलं. दोन्ही हलत राहिली, मग थांबली. गेणू डोळे बारीक करून मधल्या काट्याकडे बघत होता.

"लाभ!" तो ओरडला. बाजारात पहिलं माप टाकताना ओरडतो तसाच. भंडारा उधळला गेला. कुसाबाईने लगेच धर्मशास्त्र लावलं, "बायकू म्हंजी अर्धं अंगच की. आधी कुनाला सुचलं नाय!" आणि सुचलं ते आपल्यालाच, अशा चेहऱ्याने ती सगळ्यांकडे बघू लागली.

ढेपा फोडल्या. तासाभरात झुंबरचं सगळं जुनं वजन लोकांनी पदरात, टोपीत, डब्यात भरून नेलं. पारड्यात चिकटलेला चुरा मुंग्या नेत होत्या. त्याने एक कण जिभेवर ठेवला, तेवढ्यानेही कपाळाला घाम आला. मग चिंचेच्या मागे ठेवलेली पिशवी आणली, सुलापुढे वाकला आणि नव्या चपला जमिनीवर जोडून ठेवल्या.

सुलाने पाय घातले. टाचा मागे बोटभर बाहेर राहिल्या. पाच महिने अनवाणी चालून पाय पसरले होते, आणि मुळात तिचा नंबर त्याने कधी विचारला नव्हता.

"लहान झाल्या," झुंबर म्हणाला. "बदलून आणतो."

"राहू द्या," सुला म्हणाली, आणि तशीच, जरा लंगडत, एसटीच्या थांब्याकडे चालू लागली. "होतील सैल. तुमचे कपडे नाही का झाले?"