शूटिंगसाठी आवरलेलं घर

घरात शूटिंग होणार म्हटल्यावर मालनबाईंनी जे केलं, ते आपल्याकडची कुठलीही बाई करेल. भिंतींना चुना दिला, भांडी घासून लख्ख केली, दारात सडा घातला. आणि सून पंकजा, जी गेलं वर्षभर आतल्या खोलीत पडून असायची, धड खायची ना बोलायची, तिला भिंगारला माहेरी धाडून दिलं. चार परकी माणसं येणार, त्यांच्यासमोर शोभा नको! मुलगा कानिफनाथ गप्प राहिला. आईपुढं त्याचं कधी चाललं होतं?

शूटिंगवाले आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. आधी पाहून गेले होते, तसंच घर त्यांना हवं होतं. सिनेमा होता मनानं आजारी पडलेल्या सुनेचा. मग त्यांनीच खरकटी भांडी पसरली, कपड्यांचे ढीग लावले, अंथरूण विस्कटलं. मालनबाईंचा जीव तीळतीळ तुटत होता, पण बोलायची सोय नव्हती.

नटी पंकजाच्या कॉटवर भिंतीकडं तोंड करून निजली. बाहेर ओट्यावर एका छोट्या पडद्यावर सगळं दिसत होतं, तिथं गल्लीतल्या बाया गोळा झाल्या. सिनेमातली सासू दारात येऊन म्हणाली, "सोंगं पुरे झाली. ऊठ." नटी उठली नाही. तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी गळत राहिलं, आणि ते पुसायलाही तिनं हात उचलला नाही.

शेजारच्या बायडाबाईनं डोळ्यांना पदर लावला. कसली मेली सासू, म्हणाली, घडीभर बसावं की लेकराच्या उशाशी. याच बायडाबाईनं पंकजाला कामचुकार म्हणून गावभर नावं ठेवली होती, पण ते आता तिच्या गावीही नव्हतं.

मालनबाईही रडल्या. सीन संपल्यावर त्यांनी नटीवरून मीठमोहरी उतरवून टाकली, आपल्या हातानं चहा दिला, पाठीवरून हात फिरवला. मावशी, मी अगदी ठणठणीत आहे, असं ती पोरगी हसून सांगत होती.

कानिफनाथ जवळच उभा होता. "आये, ही बरी हाय," तो हळूच म्हणाला. "आपली न्हाई."

मालनबाईंनी आतल्या कॉटकडं पाहिलं. त्या खोलीत त्या रोज जात होत्या, जेवणाचं ताट ठेवत होत्या, बडबडत होत्या. कॉटवर मात्र एकदाही टेकल्या नव्हत्या. त्यांना लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी, शूटिंग चालू असतानाच, त्या एसटीनं भिंगारला गेल्या. पंकजा भिंतीला टेकून बसली होती. केसांचा गुंता, अंगात चुरगळलेला गाऊन. सासूला बघून ती दचकली आणि घाईघाईनं ओढणी शोधू लागली.

"पाव्हने गेले का, आत्या?"

"न्हाई. हायेत अजून."

"मग मी कशी येऊ? मी न्हाई झाले बरी. थांबा, निदान केस तरी..." ती कंगव्याकडं बघत राहिली. हात काही उचलेना.

मालनबाई खाली बसल्या, तिला अगदी खेटून.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तशीच चल."