एसटीने आलेली डबी

सावित्रीच्या मानेवर पुरळ उठलं तेव्हा काजूचा हंगाम ऐन भरात होता, त्यामुळे कुणी दुसरा विचारच केला नाही. त्या दिवसांत कुणाची कातडी उतली की काजूचं तेल लागलं असणार, हे धामापुरातलं शेंबडं पोरही सांगेल. शेजारची लक्ष्मी म्हणाली, "गो सावित्री, तुका काजूचो डीक बाधलो. औंदा बागेत येव नको."

ती गेली नाही. सकाळी बाया हसत-खिदळत चढण चढायच्या आणि ही घरापुढच्या खळ्यात बसून त्यांचे आवाज झाडीत विरेपर्यंत ऐकायची. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. दिवसभरात चार शब्द व्हायचे ते त्या बागेतच.

लेकीने दिलेलं क्रीम ती आधीपासूनच मानेला लावायची; आता आग निवावी म्हणून ते आणखी चोळू लागली. दिव्या दोडामार्गात दिलेली, रोज गोव्याला कामाला जाते. स्वतःला यायला सवड नाही, म्हणून एसटीच्या कंडक्टरकडे डबी देते. गुलाबाचा दाट वास. दिव्या माहेरी यायची तेव्हा घरभर हाच वास असायचा. सावित्री सकाळ-संध्याकाळ क्रीम चोळत राहिली आणि पुरळ गालांवर चढलं.

शेवटी ती कसालला गेली. डॉक्टरणीने तिचे हात उलटेसुलटे करून बघितले. "आजी, बोंडाची काजू हातांनीच पिळून काढता ना? मग पुरळ आधी हातांवर कसं उठलं नाही?" मानेला काय लावता ते विचारून तिने डबी मागवली, थोडं क्रीम दंडाला लावून वर पट्टी चिकटवली. चौथ्या दिवशी पट्टीखाली लालभडक गोल उठला होता.

"यातला सुवास तुम्हाला सोसत नाही. हे बंद करा. काजूला खुशाल जा."

"म्हणजे महिनोभर उगाच खळ्याक पहारो दिलंस," लक्ष्मी म्हणाली.

रविवारी दिव्याचा फोन आला. पहिला प्रश्न नेहमीचाच. "आये, क्रीम लावतस मां?"

त्या एका प्रश्नावर पाच मिनिटं बोलणं निघायचं. त्यापलीकडे लेकीला विचारायला काही सुचत नसे. खरं सांगायचं, असं सावित्रीने ठरवलं होतं. तिचा हात मानेकडे गेला.

"लावतंय गो," ती म्हणाली. "संपत इला."

"मगे उद्याच कंडक्टराकडे देतंय."

"एस्टीत नको. मे महिन्यात तूच घेवन ये."



"बघतंय," दिव्या म्हणाली.

सावित्रीने फडताळातली डबी काढली, झाकण उघडून लांबूनच वास घेतला आणि पुन्हा घट्ट लावलं.