सरांचं क्रियापद

मॅडमनी मोबाइल पाण्याच्या बाटलीला लावून उभा केला आणि काकूंना खुर्ची पुढे घ्यायला सांगितली.

"दिसतंय ना नीट?"

"दिसतंय. लावा तुम्ही."

पडद्यावर सर आले. उजवा खांदा उतरलेला, ओठांचा एक कोपरा सैल, अंगात काकूंनीच सकाळी घातलेला निळा शर्ट. त्यांनी समोर कुठेतरी पाहिलं, हनुवटी जराशी उचलली आणि म्हणाले, "टेक."

"पाणी," काकू लगेच म्हणाल्या.

मॅडमनी मान हलवली. बरोबर की चूक, ते काही त्या बोलल्या नाहीत.

मॅडम म्हणजे दवाखान्यातल्या स्पीच थेरपिस्ट. सर पलीकडच्या खोलीत मुलाजवळ बसले होते. थोड्या वेळापूर्वी मॅडमनी त्यांना एकट्याला समोर बसवून एकेक वस्तू दाखवली होती आणि ते काय म्हणतात त्याचं चित्रण केलं होतं. वस्तू चित्रणात दिसत नव्हती, नुसते सर दिसत होते. ते कशाबद्दल बोलतायत, ते काकूंनी ओळखायचं होतं.

हट्ट काकूंचाच होता. मागच्या खेपेला मॅडम अगदी जपून म्हणाल्या होत्या की अर्धांगाच्या झटक्याला वर्ष होऊन गेलं, एका शब्दाचा दुसरा शब्द झाला नाही, आता थांबलेलं बरं. मुलगा तर कधीपासून त्या संस्थेचं घेऊन बसला होता. आजारी माणसांना ठेवून घेतात, बाग आहे, नर्स आहेत. "बाबांना काही कळतच नसेल, तर घर काय आणि तिथली खोली काय, त्यांना सारखंच," तो जिन्यात म्हणाला होता. वाईट मनाचा नव्हता तो. आईची पाठ गेलेली त्याला दिसत होती. पण काकू भडकल्या होत्या. "तुम्हाला कळत नाही म्हणून ते बोलत नाहीत होय? माझ्याशी दिवसभर बोलतात. तिथे त्यांचं कोणाला कळणार आहे?" तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या की बघूया. तुम्हाला ओळखता आलं, तर तुमच्या मुलाला मीच सांगेन की त्यांना घरातून हलवू नका.

आता यात काकूंना अवघड असं काहीच वाटत नव्हतं. सरांनी जन्मभर आठवीला इंग्रजी शिकवलं होतं आणि दर वर्षी पहिल्या तासाला हेच एक क्रियापद घेतलं होतं. घरी शिकवणीला येणाऱ्या पोरांनाही तेच. टेक टी, टेक मेडिसिन, टेक अ बाथ, टेक केअर. "इंग्रजाकडे एवढं एक जरी असतं ना, तरी त्याचं भागलं असतं," सर टेबलावर खडू आपटत म्हणायचे. "टेक घ्या, पुढे काय हवं ते चिकटवा, निघाली गाडी." काकू आत भाजी चिरता चिरता ऐकायच्या. इंग्रजी यथातथाच होतं त्यांचं, पण हा एक धडा तोंडपाठ होता. म्हणून झटक्याने सरांचं मराठी, इंग्रजी, बायकोचं नाव, सगळं धुऊन नेलं आणि तेवढं एक "टेक" मागे ठेवलं, तेव्हा चार दिवस रडून झाल्यावर काकूंनी स्वतःची समजूत घातली, की राहिलं ते नेमकं कामाचं राहिलं.

हनुवटी उचलली की पाणी. डोळे मिटून म्हणाले, की एकटं सोडा. शेवट लांबवला, की खांदा दुखतोय. शेजारच्या वहिनी भेटायला आल्या तेव्हा सर "टेक" म्हणाले आणि त्या बिचाऱ्या पटकन खुर्चीत टेकल्या. काकूंची हसून हसून पुरेवाट झाली. "अहो, बसा नाही म्हणत ते. चष्मा मागतायत." चष्मा दिला, सरांनी घेतला, मान डोलावली. काकूंचं कधी चुकायचंच नाही. दिलं की सर घ्यायचे आणि मान डोलवायचे.

मुलगा कामावरून आला की दारातूनच विचारायचा, "काय म्हणतायत बाबा?"

"म्हणतायत, आधी जेवून घे."

"बरं," म्हणून तो हात धुवायला जायचा. बाप-लेकांचं इतकं गोडीचं बोलणं सर धडधाकट असतानाही कधी झालं नव्हतं.

मॅडमनी पुढचं चित्रण लावलं.

"चष्मा," काकू म्हणाल्या. त्याच्या पुढच्याला त्या किंचित थांबल्या. "शाल. गारठा लागला की आवाज असा बारीक होतो त्यांचा."

मग आणखी एक. सरांनी समोर पाहिलं, हनुवटी उचलली. "टेक."

"खिडकी. लावून घ्या म्हणतायत."

मोबाइल अजून चालूच होता. सरांच्या खांद्यामागे, दाराच्या काचेतून, सफाईवाल्या मावशी लाल बादली घेऊन गेल्या. जाताना त्यांनी बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. काकू बघत राहिल्या. ही बादली त्यांनी मघाशीच पाहिली होती, आणि ती अशीच एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती.

"हा पहिलाच आहे ना?"

मॅडमनी मोबाइल उचलून पालथा ठेवला. "हो, काकू."

"पहिल्याला मी पाणी म्हणाले."

"हो. एक चित्रण पुन्हा दाखवायचंच असतं. आम्हाला तसं शिकवलंय."

काकूंना राग आला. पण समोरची मुलगी इतकी ओशाळली होती, की तो राग तिच्यावर काढताही येईना.

"पण तेव्हा होतं काय त्यांच्यापुढे? पाणी की खिडकी?"

"काहीच नव्हतं," मॅडम हळू म्हणाल्या. "मी अजून काही ठेवलं नव्हतं."

"आणि चष्मा?"

"काकू, राहू दे ना."

काकूंनी पिशवी उचलली, आतला सरांचा डबा, रुमाल, औषधं उगाच नीट लावली आणि उठल्या.

गाडीत मुलाने आईच्या तोंडाकडे एकदा आरशातून पाहिलं. घरी आल्यावर त्याने बाबांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, पायांवर पांघरूण घातलं आणि कोणाचा तरी फोन आला म्हणून तो बाहेर गेला.

सरांनी हनुवटी उचलली. "टेक."

काकू सवयीने उठल्या, पाण्याच्या माठापाशी गेल्या. पेला हातात घेतला. झाकण काढलं, आणि पुन्हा ठेवून दिलं. मग तसाच रिकामा पेला आणून त्यांनी सरांच्या डाव्या हातात दिला.

"घ्या."

सरांनी घेतला. तोंडाला लावला, तिरका केला. गळ्याची घाटी वरखाली झाली. एकदा, पुन्हा एकदा. मग त्यांनी पेला परत दिला आणि मान डोलावली. वर्षभर डोलावली होती तशीच, समाधानाने.

काकूंचा रुमाल त्यांच्या हनुवटीकडे गेला. हनुवटी कोरडीच होती. तरी त्यांनी ती पुसली. वर्षभर आपण कोणाशी बोलत होतो, हा प्रश्न त्यांना आता पडला, आणि उत्तर इतकं सोपं होतं की त्यांना तिथेच, सरांच्या पायांशी बसावं लागलं.

मुलगा दारात आला. फोन खिशात टाकत त्याने रोजच्यासारखं विचारलं, "काय म्हणतायत बाबा?"

"काही नाही."

त्याने "बरं" म्हटलं नाही. तो चौकटीला हात लावून उभा राहिला.

"ती जागा म्हणत होतास ना," काकू म्हणाल्या. "मलाही ने बघायला."

"आई, घाई नाहीये तशी."

"ने तू."

"टेक," सर म्हणाले.

दोघांनीही वळून पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते, किंवा काचेकडे. मुलाने आईकडे पाहिलं. काकूंनी गुडघ्यावर हात देऊन स्वतःला उठवलं, पेला माठातून काठोकाठ भरला आणि सरांच्या हातात दिला. तहान असेलही.