इस्त्री केलेला समुद्र

"कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या बेटाभोवतीचा समुद्र कायम इस्त्री केलेला असतो," शिंपीबुवा काजं करता करता बायकोला सांगत होते. बोटीला भिणाऱ्या बायकोने रविवारच्या सहलीला हो म्हणावं, म्हणून त्यांचा सारा आटापिटा. "लाट आलीच तर नावाड्याला विचारून येते. माडाची झाडं वाकून पाणी पाजतात. मी दोनदा जाऊन आलोय."

बायको त्यांच्या सहलीच्या कोटाला बटण लावत होती. तिने आतल्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "मग बोट लागू नये म्हणून या गोळ्या कुणाला?"

"तुलाच गं."

"पाकीट कालच आणलेलं, रविवार अजून लांब, आणि बोटीच्या नुसत्या धास्तीनेच यातल्या दोन तुम्ही गिळल्यात. अहो थापाडे, तुम्ही बोटीत कधी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. चला, मीच नेते तुम्हाला हात धरून."