रिकाम्या गाडीचा चढ

खट्.

घर अजून झोपेत असताना दाराजवळच्या बाबागाडीचा ब्रेक सुटला, म्हणजे बाबा तयार आहेत. हाक मारायची त्यांची हीच पद्धत. मी भिंगरीला चादरीसकट उचललं, गाडीत ठेवलं, पट्टा लावला. तिने एक डोळा उघडून मला पाहिलं आणि मिटला. सव्वातीन वर्षांची आहे, पण झोपेत दुप्पट वजनाची होते.

"आज कुठे उंडारणार बापलेक?" नवऱ्याने उशीतूनच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता घोरायला लागला.

"कुठला?" जिना उतरल्यावर बाबांनी विचारलं.

"गोदामांचा."

"टॉपचा." ते थोडं थांबले. "बरं."

बाबांनी एकतीस वर्षं शहराची बस चालवली. त्यांच्या लेखी रस्त्यांना नावं नाहीत, गिअर आहेत. दवाखान्यापुढचा चढ तिसऱ्याचा. शाळेमागचं वळण दुसऱ्याचं. पाण्याच्या टाकीची टेकडी पहिल्याची, तीही कुरकुरत. सपाट रस्ता असेल तो टॉपचा. मी पळायला लागले तेव्हापासून रस्ता असाच निवडते. पाय जड असले की टॉप, अंगात मस्ती असली की दुसरा, आणि रविवारी दोघांनी मिळून टेकडी. वर पोचल्यावर टाकीच्या भिंतीला हात लावायचा. आधी हात लावेल त्याने उतरताना दुसऱ्याला टोमणे मारायचे. भिंगरी झाल्यावर तिलाही उचलून तिचा तळवा भिंतीला टेकवायचा, ही भर बाबांनी घातली.

मग त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाई मला पडद्याच्या अलीकडे बाजूला घेऊन म्हणाल्या, "चालू देत, हळूहळू पळू देत. पण सपाटीवर. चढ नको."

"किती दिवस?"

"दिवस नाही. नकोच."

बाबा पडद्यापलीकडे शर्टाची बटणं लावत होते. बाहेर आल्यावर मी सांगितलं, "तीन महिने चढ नाही."

"मोठ्या कामाला तेवढे लागतातच," ते म्हणाले.

भिंगरीने रविवारी टेकडीचा हट्ट धरला तेव्हा तिला सांगितलं की टेकडीचं काम चालू आहे, रस्ता बंद आहे. तिला ते लगेच पटलं. कामं चालू असतात आणि रस्ते बंद असतात, हे तिने रोज पाहिलेलं आहे.

तीन महिने परवा संपले. बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही. आमच्याकडचे टॉपचे रस्ते मात्र संपत आले होते. राहिला होता हा गोदामांचा एक, जिथे आम्ही कधी पळालो नव्हतो.

दोन्ही बाजूंना उंच भिंती, मधे सरळ रस्ता, पार टोकाला एक लोखंडी फाटक. मी गाडी ढकलत पुढे, बाबा डाव्या हाताला. पहिली पाच मिनिटं ते बोलत होते. मग त्यांचं बोलणं थांबलं. मग ते म्हणाले, "तू हो पुढे, माझी नाडी सुटलीय."

बाबा बुटाच्या नाडीला दोन गाठी मारतात. आजवर एकदाही सुटलेली नाही. मी वळून पाहिलं. ते वाकलेले नव्हते. भिंतीला हात टेकून उभे होते आणि तोंडाने श्वास घेत होते.

मी परत आले. गाडीच्या दांडीवरचे हात काढून त्यांच्या पाठीवर ठेवले, आणि गाडी आपोआप मागे सरकायला लागली. सावकाश, पण सरकायला लागली. बाबांनी चाकाला पाय लावला.

आम्ही दोघांनी चाकाकडे पाहिलं, मग आलो त्या रस्त्याकडे.

"हा चढ आहे," मी म्हणाले. "तुम्ही टॉपचा म्हणाला होतात."

"टॉपलाच न्यायचो." त्यांनी दम घेतला. "शेवटची फेरी झाली की इथून गाडी डेपोला. कायम रिकामी. माणसं भरून इथून कधी गेलोच नाही, बघ."

"बसा जरा."

"कुठे बसू? रस्त्यात?" पण ते बसले, भिंतीला पाठ लावून. मी त्यांच्या कपाळावरचा घाम चादरीच्या टोकाने पुसला. त्यांनी पुसू दिला. श्वास जागेवर यायला बराच वेळ गेला.

"तिथे बेसिनवर आरसा होता," ते म्हणाले.

"कुठे?"

"दवाखान्यात. बटणं लावत होतो तेव्हा पडद्याच्या फटीतून तुझं तोंड दिसत होतं त्यात. माझा सगळा जन्म गेला आरशात मागचं बघण्यात. तीन महिन्यांचं तोंड नव्हतं ते."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो." त्यांनी हात पुढे केला, मी त्यांना उठवलं. "आणि काय गं, मीही रोज सकाळी ब्रेक काढताना म्हणायचो, आज कदाचित ही टेकडी म्हणेल."

आम्ही परत फिरलो. आता उतार होता. चालतच निघालो. गाडी पुढे ओढ घेत होती, मी तिला मागे धरून ठेवत होते. बाबांनीही एक हात दांडीवर ठेवला. धक्क्यांनी भिंगरी जागी झाली. तिने भिंती पाहिल्या, आभाळ पाहिलं, मग मान उलटी करून आम्हाला पाहिलं.

"आबा, आज टेकडी?"

"टेकडीचं काम चालू आहे ना," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"अजून?"

"अजून."

तिने विचार केला. मग बाबांना सोडून माझ्याकडे डोळे वळवले.

"आई, ते काम कधी संपणार?"