पवनीवालीची खिडकी

मंजुषाने नकार दिला. पण तो नकार अजून आलाच नाही, असं धरून आपण पुढे जाऊ. चंद्रकुमारही तसंच धरून चालला होता.

लाखनीजवळच्या गावात त्याची धानाची शेती. वय छत्तीस. घरात आवाज करणारा एक पंखा होता, तोही फक्त उन्हाळ्यात. आई गेल्यावर त्याने नव्या घराचा नकाशा काढायला दिला, कारण मुलगी पाहायला गेलं की चहाच्या आधी घराचंच विचारायचे.

"घरात मानसं किती?" नकाशे काढणाऱ्या संजीवने विचारलं.

"सध्या मीच."

"मंग खोल्या सहा काहून, भाऊ?"

"मागणी हाये."

मागणी खरीच होती. साकोलीच्या मुलीला खोलीला लागून बाथरूम हवं होतं. तुमसरच्या मुलीला रस्त्याकडून दार असलेलं ब्यूटी पार्लर. अड्याळच्या मुलीच्या मामाला आतून जिना. मामा राहायला येणार नव्हता, तरी. तिघींकडून नकार आले, पण चंद्रकुमारने नकाशातलं काहीच खोडू दिलं नाही. उद्या कुणाचं मन बदललं आणि जिनाच नसला तर?

सासरी आलेल्या बाईला माहेरच्या गावावरून हाक मारतात, तशी संजीव आता खोल्यांना हाक मारायचा. "तुमसरवालीले थोडी सरकवतो, म्हंजे साकोलीवालीले हवा लागन." चंद्रकुमार तीन बायकांच्या दादल्यासारखी मान खाली घालायचा.

पवनीची मंजुषा वडिलांबरोबर घर पाहायला आली, तेव्हा घर म्हणजे मोकळ्या जागेवर चुन्याच्या रेघा होत्या. वडील भिंतीतूनच आत शिरले. ती मात्र वळसा घालून दारापाशी गेली, चप्पल काढली आणि मग आत आली.

"सयपाकघर कोन्तं?"

"तुमी उभ्या आहा तेच."

"इथून तलाव दिसते. इथं खिडकी पायजे." तिने पायाने तेवढा चुना पुसला. "आन् हा जिना कोनाच्या डोक्यातून निंगाला?"

"अड्याळच्या मामाच्या."

ती हसली. त्या घरात हसलेलं ते पहिलं माणूस.

पुढच्या आठवड्यात तिच्या वडिलांचा फोन आला. "घर चांगलं हाये म्हन्ते पोरगी. पन आमी नागपूरचा नोकरीवाला पाहून राहिलो, भाऊ."

"आन् खिडकी?"

"कोन्ती खिडकी?"

रेंज गेली असावी, असं धरून चंद्रकुमारने फोन ठेवला.

"खिडकी खोडू का आता?" संजीवने विचारलं.

"काहून? मोठी कर."

संध्याकाळी तो चप्पल काढून दारातून आत गेला आणि पुसलेल्या चुन्यापाशी उभा राहिला. तलाव दिसत होता. डाव्या-उजव्या बाजूलाही तोच तलाव होता, पण तिकडे त्याने पाहिलं नाही. तिकडे भिंत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने नकाशा ग्रामपंचायतीत बांधकाम परवानगीसाठी दिला. सोबतच्या अर्जात शेवटी लिहिलं होतं: 'सदर घराच्या स्वयंपाकघरातील खिडकी तयार असून तीत उभे राहणारे कोणी नाही. तरी त्या जागी दररोज सायंकाळी तलाव पाहण्यासाठी एका व्यक्तीची, शक्यतो पवनीच्या, कायमस्वरूपी नेमणूक करण्यात यावी, ही नम्र विनंती.'