कुकरातला शेपू

मी एक जुना प्रेशर कुकर आहे. मित्रांनो, हसू नका. आज माझ्या पोटात माती आहे, बुडाला भोकं आहेत आणि डोक्यावर झाकण नाही. पण एके काळी माझ्या शिट्टीवर इंदूरच्या मल्हारगंजातली आमची गल्ली घड्याळं लावायची.

नाना आणि रमाबाईंच्या लग्नात मी या घरी आलो. रुखवतात मला अगदी मधोमध मांडलं होतं, हे नम्रपणे सांगतो. मी भात शिजवला, वरण शिजवलं, पाहुण्यांच्या पलटणीसाठी बटाटे उकडले. या घरात भांडण होई ते एकाच गोष्टीवरून, शेपूवरून. रमाबाईंचा शेपूवर जीव होता आणि नानांना त्याचा नुसता वास आला तरी शिंका सुटत. मुगाची डाळ घालून माझ्यात शेपू शिजला, की नाना जिरावण मसाल्याची बाटली बगलेत मारून गच्चीवर जात आणि तिथे कोरडी पोळी खात. या घरात एक तर शेपू राहील नाहीतर मी, असं ते दर हिवाळ्यात बजावत. दर हिवाळ्यात दोघंही राहत.

पुढे नवा चकचकीत कुकर आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. झुरळांशी ओळखी वाढल्या. गेल्या दसऱ्याला रमाबाईंनी मला खाली काढलं तेव्हा वाटलं, आपले दिवस फिरले. फिरले खरे. त्यांनी खिळा आणि हातोडी घेऊन माझ्या बुडाला भोकं पाडली! आयुष्यभर वाफ कोंडून धरली, त्याचं हे बक्षीस. मग माझ्यात शेणखत आणि माती भरली, वर कसलंसं बी पेरलं आणि मला मागच्या गॅलरीत ठेवलं. काय पेरलं ते घरात कोणाला सांगितलं नाही.

दिवाळी नुकतीच सरली होती. माझ्यातून बारीक, पिंजल्यासारखी पानं वर आली होती. एका दुपारी रमाबाई जरा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत.

तेरावं झालं. पाहुणे गेले. नाना गॅलरीत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"जाता जातासुद्धा शेपूच पेरून गेलीस ना," ते म्हणाले. "बरं. तू जिंकलीस."

आणि त्यांनी चार शेंडे खुडले, वरणभातावर टाकले आणि डोळे मिटून खाल्ले.

मित्रांनो, शेपूचा वास मी जन्मात विसरणार नाही. तो शेपू नव्हता. पण शिट्टी गेलेल्या कुकरचं ऐकतो कोण? नाना रोज येत, शेंडे खुडत, जेवणावर टाकत. कधी पोह्यांवर, कधी खिचडीवर. खाताना रडत. "अगं, वाससुद्धा बरोबर घेऊन गेलीस," असं म्हणत. मला हसू आवरेना आणि वाईटही फार वाटे.

बाकी नाना कशातच नव्हते. रेडिओ बंद, फिरणं बंद, बोलणं बंद. आमच्या इंदूरात गमीच्या, म्हणजे माणूस गेलेल्या घरी पहिल्या होळीला गल्लीतले लोक रंग टाकायला येतात. कपाळाला गुलाल लागला की घराचं सुतक मनातूनही उठतं, मग सणवार सुरू होतात. नानांनी आधीच सांगून टाकलं, माझ्याकडे कोणी यायचं नाही, मी दार उघडणार नाही. त्यांची मुलगी मिताली काळजीनं त्यांना महिनाभर भोपाळला घेऊन गेली. मला पाणी घालायचं काम शेजारच्या सुनीताकडे आलं. माझ्या रोपांचे शेंडे पहिल्यांदाच शाबूत राहिले.

होळीच्या आदल्या संध्याकाळी नाना परतले. सकाळी दाराला कडी घालून ते जेवणासाठी शेपू खुडायला गॅलरीत आले आणि तिथेच थबकले. मी काठोकाठ फुललो होतो. गुलाबी, पांढरी, जांभळी फुलं माझ्या कडेवरून वाकून खाली बघत होती. खुडून खुडून रोपांना इतके फाटे फुटले होते, की पान दिसत नव्हतं.

"सुनीता," नानांनी पलीकडे हाक मारली, "हा शेपू असा काय गं करतोय?"

सुनीता कठड्यापाशी आली. "काका, शेपू कुठला? ये तो कॉसमॉस आहे. काकूंनी माझ्याकडूनच बी नेलं होतं." मग तिला काहीतरी आठवलं. "तुम्ही खाल्लं तर नाही ना?"

"सगळी थंडी," नाना म्हणाले.

सुनीतानं तोंडावर ओढणी दाबली. हसू ओसरल्यावर तिनं हळूच सांगितलं, "काकू म्हणाल्या होत्या, यांना सांगू नको. फूल म्हणजे यांना फक्त फुलगोबी ठाऊक, होळीला एकदम दाखवीन. आणि म्हणाल्या, या वर्षी शेपू नाही लावत, बिचारे फार शिंकतात."

नाना माझ्याजवळ खाली बसले. आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदमच करू लागले. ज्या भांडणात ते सगळी थंडी हरत होते, ते रमाबाईंनी आधीच मिटवून टाकलं होतं.

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. गल्लीतले गजाननराव बाहेरूनच म्हणाले, "नानाजी, जबरदस्ती नाही. बस, दारालाच थोडा गुलाल लावून जातो."

नाना उठले. त्यांनी एक गुलाबी फूल खुडलं आणि सवयीनं तोंडाकडे नेलेला हात मध्येच थांबवला. ते फूल रमाबाईंच्या फोटोला वाहिलं आणि दार उघडलं.

"दाराला कशाला, भिया," ते म्हणाले आणि कपाळ पुढे केलं.

तर मित्रांनो, घरातलं जुनं भांडं भंगारात देण्याआधी त्यात मूठभर माती घालून बघा. आणि काय पेरलंय ते घरच्यांना वेळीच सांगून ठेवा. आमच्या नानांसारखी माणसं प्रेमापोटी काहीही खातात.